एकाच अंगणातल्या दोन कार्यकारिणी

१८९५च्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन पुण्यात भरले, तेव्हा भांडण झाले ते मांडवावरून. १८८७पासून अशी रीत पडली होती की काँग्रेसचे काम आटोपले की त्याच मांडवात सामाजिक परिषद भरायची. माणसेही बरीचशी तीच. मांडव एकीचा, वापर दोघींचा, आणि याबद्दलचा कागद मात्र कुठेच नाही. कागद करण्याइतके कुणी कुणाला परके नव्हते. पुण्यात टिळकांच्या बाजूच्या मंडळींनी या वापराला हरकत घेतली, गोष्ट मांडव जाळण्याच्या धमक्यांपर्यंत गेली आणि शेवटी न्यायमूर्ती रानड्यांनी परिषद दुसऱ्या जागी नेली. त्याच वर्षी सार्वजनिक सभेची कार्यकारिणी टिळकपक्षाच्या हाती गेली. १८९६मध्ये रानडे-गोखले यांनी डेक्कन सभा काढली. एका संस्थेच्या दोन झाल्या.

इतिहासाच्या पुस्तकांत हे प्रकरण मवाळ-जहाल वादात जमा होते, आणि ते बरोबरच आहे. पण ज्याने कधी एखाद्या संस्थेचे कार्यवाहपद सांभाळले आहे, त्याला त्यात आणखी काही दिसते. वाद तत्त्वाचा होता खरा, पण फुटला तो जागेच्या वापरावर आणि मतदार सभासदांच्या संख्येवर. सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. अंधेरी-बोरिवलीच्या किंवा घाटकोपर-मुलुंडच्या कुठल्याही जुन्या संस्थेच्या कपाटातली इतिवृत्ते काढून पाहा, वादाची ठिणगी याच दोन जागी पडलेली सापडेल.

प्रस्तुत पुस्तकाचा विषय एवढाच आहे : एकमेकींशी नाते असलेल्या दोन सेवाभावी संस्थांच्या विश्वस्त मंडळांत वा कार्यकारिणींत तंटा झाला, तर तो कसा समजून घ्यायचा आणि कसा मिटवायचा. संस्थेच्या आतल्या भांडणावर मराठीत भरपूर लिहिले गेले आहे. कथा-कादंबऱ्यांना आणि नाटकांना तो विषय फार मानवतो. दोन संस्थांमधल्या भांडणावर मात्र वकिलांच्या अर्जांखेरीज फारसे काही लिहिलेले नाही.

उपनगरांत हा प्रश्न जास्त का, हे समजायला ही उपनगरे कशी वसली ते पाहावे लागते. गिरगाव-दादरातून मध्यमवर्गीय माणूस उत्तरेकडे सरकला, तेव्हा त्याच्या आधी तिथे शाळा नव्हती, वाचनालय नव्हते, सभागृह नव्हते. ते सगळे त्याने स्वतः उभे केले. पार्ल्यात लोकमान्यांच्या निधनानंतर पहिल्याच वर्षी, १९२१मध्ये, पार्ले टिळक विद्यालय निघाले आणि १९२३मध्ये लोकमान्य सेवा संघ. गोरेगावात केशव गोरे स्मारक ट्रस्ट, मुलुंडात महाराष्ट्र सेवा संघ, अशी नावे प्रत्येक स्टेशनाला जोडता येतील. (या नावांपैकी कुणाचे भांडण सांगायचे आहे म्हणून ती घेतलेली नाहीत; संस्था काढण्याची हौस किती मुरलेली होती, एवढेच दाखवायचे आहे.) बोरिवली आणि मुलुंड मुंबई पालिकेच्या हद्दीत आले १९५७ साली. तोवर आणि त्यानंतरही बराच काळ नागरी सोयींचा मोठा भार अशा मंडळांनीच वाहिला.

यात एक पद्धत ठरून गेली. दहा-बारा माणसांचा एक गट आधी मंडळ काढी. मंडळ बालवाडी सुरू करी. बालवाडीची शाळा झाली की सरकारी अनुदानासाठी वेगळी शिक्षण संस्था नोंदवावी लागे. पुढे आरोग्य केंद्रासाठी एक ट्रस्ट, महिलांच्या उद्योगासाठी आणखी एक, सभासदांच्या बचतीसाठी पतपेढी. भूखंड पहिल्या मंडळाच्या नावावर, इमारत देणगीदाराच्या अटीमुळे ट्रस्टच्या नावावर, वीजबिल शाळेच्या नावावर. अध्यक्ष मात्र सगळीकडे एकच! त्यामुळे कुणी कुणाला काही विचारायचा प्रसंगच येत नसे. सकाळी शाळेच्या समितीत ठरलेली गोष्ट संध्याकाळी ट्रस्टच्या बैठकीत तेच गृहस्थ मंजूर करून घेत. ही व्यवस्था चांगली चालली, कारण ती एका माणसाच्या डोक्यात होती. तो गेला की ती व्यवस्थाही गेली. मागे राहिल्या त्या दोन कार्यकारिणी, दोन बँक खाती आणि एक जिना.

नवख्या वाचकाने एक भेद आधीच लक्षात घ्यावा. शाखेला स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व नसते, ती मूळ संस्थेचाच हात असते. तिथला वाद घटनेच्या आधारे आतल्या आत सुटू शकतो. भगिनी संस्था मात्र स्वतंत्र नोंदणीची, सार्वजनिक विश्वस्त नोंदवहीतल्या (पीटीआर) स्वतंत्र क्रमांकाची. ‘आम्हीच हिला जन्म दिला’ हे मातृसंस्थेचे म्हणणे इतिहास म्हणून खरे असले तरी कायद्यात त्याला किंमत नाही. घटनेत मातृसंस्थेचे प्रतिनिधी नेमायचा अधिकार लिहिला असेल तरच ते टिकते. तिसरा प्रकार संघाचा किंवा महामंडळाचा : घटक संस्था मिळून वर एक संस्था काढतात आणि मग वरची मोठी की खालच्या, हा प्रश्न पडतो. महाराष्ट्रात आणखी एक गुंतागुंत आहे. इथे १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली संस्था १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदली जाते, म्हणजे एकच संस्था सभासदांचे मंडळही असते आणि विश्वस्त संस्थाही. सभासद म्हणतात मालक आम्ही. कायदा म्हणतो मालमत्ता जनतेची, तुम्ही राखणदार.

आता हे भांडण मिटवण्याच्या वाटा. आपल्याकडची जुनी वाट गोतसभेची. मराठेशाहीत वतनाचा तंटा गोतापुढे जाई तेव्हा वादी-प्रतिवादींकडून निवाडा मान्य करू असे आधी लिहून घेत, आणि निवाड्यानंतर हरलेल्याकडून यजितखत घेत, म्हणजे आपला दावा खोटा ठरला हे त्याने स्वतः लिहून द्यायचे. आजच्या डोळ्यांना हे कठोर वाटेल. पण वाद पुन्हा उकरला जाऊ नये याची ती तरतूद होती, आणि आपल्या आजच्या समझोत्यांत नेमकी तीच नसते.

इंग्रजी अमलात ही जागा हळूहळू कायद्याने घेतली. १८६०चा संस्था नोंदणी कायदा आला. पारशी, मुस्लिम, इतर धार्मिक निधी यांच्यासाठी वेगवेगळे कायदे झाले. स्वातंत्र्यानंतर न्यायमूर्ती तेंडोलकर यांच्या समितीने देणग्या आणि निधी यांच्या कारभाराची पाहणी केली आणि १९५०चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा झाला. आता त्याच्या नावात मुंबईच्या जागी महाराष्ट्र आहे. धर्मादाय आयुक्त हे पद त्यातूनच आले. उपनगरातल्या कार्यवाहाला वरळीचे ते कार्यालय चांगले ठाऊक असते. निवडणूक झाली की कलम २२खाली नव्वद दिवसांत बदलाचा अहवाल, म्हणजे ‘चेंज रिपोर्ट’, मालमत्ता विकायची किंवा तीन वर्षांहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची तर कलम ३६खाली पूर्वपरवानगी, कारभार बिघडला तर ४१डखाली विश्वस्तांना दूर करण्याची तरतूद, आणि कारभाराची योजना, म्हणजे बोलीभाषेतली ‘स्कीम’, ठरवण्यासाठी ५०अ. या ५०अमध्ये एक फारसे वापरात नसलेले हत्यार आहे. योग्य कारभारासाठी दोन किंवा अधिक ट्रस्ट एकत्र करून त्यांना एक समाईक योजना आयुक्त आखून देऊ शकतात. १८६०च्या कायद्याच्या कलम १२नुसार सभासदांनाही विलीनीकरण करता येते, मात्र तीन-पंचमांश बहुमत दोन विशेष सभांत, महिन्याच्या अंतराने, मिळवावे लागते. महिन्याचे ते अंतर कायदा करणाऱ्याने फार शहाणपणाने ठेवले आहे असे मला वाटते. पहिल्या सभेत टाळ्या वाजवणारे तेवढ्यात घरी जाऊन विचार करतात.

कायद्याच्या वाटेवर माझा एकच आक्षेप आहे, पण तो मोठा आहे. आयुक्तांपुढे किंवा कोर्टापुढे प्रश्न जातो तो ‘विश्वस्त कोण’ या रूपात. दोन संस्थांचा खरा प्रश्न ‘आता एकत्र राहायचे कसे’ असा असतो, आणि तो मांडायला अर्जाच्या नमुन्यात रकानाच नाही. मग जागेचा वाद चेंज रिपोर्टच्या हरकतीच्या रूपाने लढला जातो. शाळेच्या मैदानाचा वापर हा मुद्दा असतो, आणि वर्षानुवर्षे चर्चा चालते ती अमुक सभेची नोटीस एकवीस दिवस आधी मिळाली होती का याची. तोवर बँक सही कुणाची मानायची म्हणून खाते थांबवते आणि शिक्षकांचे पगार अडतात. निकाल लागतो तेव्हा एक पक्ष जिंकलेला असतो. मैदानाचा प्रश्न तिथेच असतो.

म्हणून लवादाचे कलम घालावे, असा सल्ला बरेचजण देतात. हा सल्ला जपून घ्यावा. २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका खासगी ट्रस्टच्या प्रकरणात सांगितले की ट्रस्टच्या दस्तातून उद्भवणारे, ट्रस्ट कायद्याने ज्यांची सोय केली आहे असे वाद लवादाकडे नेता येत नाहीत. सार्वजनिक ट्रस्टबाबत तर कायद्याने स्वतंत्र यंत्रणाच उभी केली आहे. तेव्हा विश्वस्तपदाचा वाद लवादाने सुटेल या भरवशावर राहू नये. जागेचे भाडे, समाईक नोकरांचा खर्च, नावाचा वापर अशा दोन संस्थांमधल्या कराराच्या बाबी वेगळ्या. तिथे पंच नेमायला वाव आहे. २०२३मध्ये मध्यस्थीचा स्वतंत्र कायदा संमत झाल्याने समजुतीने झालेल्या तडजोडीलाही आता अधिक वजन येऊ शकते.

मध्यस्थीमागे एक वेगळे शास्त्र आहे. अमेरिकेत मेरी पार्कर फॉलेट या बाईंनी १९२५मध्येच मांडले होते की संघर्ष निवारायच्या तीन वाटा असतात : एकाने दुसऱ्याला दाबणे, दोघांनी थोडे थोडे सोडणे आणि दोघांच्या खऱ्या गरजा भागतील अशी तिसरीच मांडणी शोधणे. १९८१मध्ये फिशर आणि युरी यांनी हाच धागा पुढे नेला. भूमिका बाजूला ठेवा, हितसंबंध विचारा, असे त्यांचे सांगणे. ‘सभागृह आमचे’ ही भूमिका झाली. शाळेला दहावीच्या सराव परीक्षांसाठी जानेवारी-फेब्रुवारीत सभागृह हवे, मंडळाला गणपती-नवरात्रात, हे हितसंबंध. कॅलेंडर समोर ठेवले तर भांडायला फारसे उरत नाही. तरीही या विचाराचे भक्त एक गोष्ट विसरतात. मालमत्ता विश्वस्तांची स्वतःची नसते. दोन भाऊ आपापला हक्क सोडून मोकळे होऊ शकतात, विश्वस्तांना ती मुभा नाही. समजूतदारपणाच्या भरात दिलेली गच्ची उद्या नियमभंग ठरते.

चौथी वाट रचनेची, आणि माझा कल तिकडे आहे. माणसे बदलत राहणार हे धरून नात्याचे नियम आधीच बांधायचे. १९६१मध्ये स्थापन झालेले अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळ हे आपल्या घरातले उदाहरण. महाराष्ट्र साहित्य परिषद १९०६ची, विदर्भ साहित्य संघ १९२३चा, मुंबई मराठी साहित्य संघ १९३५चा, मराठवाडा साहित्य परिषद १९४३ची. वय, पैसा, प्रतिष्ठा सगळे वेगळे. त्यांनी युक्ती केली ती अशी की महामंडळाचे कार्यालय दर तीन वर्षांनी एका घटक संस्थेकडून दुसरीकडे जाते. पुण्याची भीती आणि मुंबईचा दिमाख दोन्ही त्यामुळे आटोक्यात राहिले. या व्यवस्थेची थट्टा पुष्कळ होते, पण साठ वर्षांवर टिकलेली व्यवस्था थट्टेपेक्षा अभ्यासाचा विषय आहे. तिच्यातल्या फटीही अभ्यासण्याजोग्या. १९९१मध्ये मधु मंगेश कर्णिकांच्या पुढाकाराने कोकण मराठी साहित्य परिषद निघाली, तेव्हा चौघींची वाटणी झालेली होती; नव्याने येणारीला कुठे बसवायचे, याचे सोपे उत्तर अशा रचनेत नसते. २०१९च्या यवतमाळ संमेलनाच्या वेळी नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेतले गेले, तो निर्णय कुणाचा यावरून आयोजक आणि महामंडळ यांच्यात जाहीर वाद झाला आणि महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद जोशी यांनी राजीनामा दिला. घटक संस्थांमधले नाते कागदावर पक्के होते, पण यजमान आणि महामंडळ यांच्यातली रेघ ऐनवेळी कुणाला सापडेना.

जगातले याहून मोठे उदाहरण रेडक्रॉसचे. जिनिव्हाची आंतरराष्ट्रीय समिती १८६३ची, राष्ट्रीय संस्थांचा संघ १९१९चा. एकच चिन्ह, एकच ध्येय, आणि आपत्तीच्या जागी पुढाकार कुणी घ्यायचा यावर अनेक दशकांची धुसफूस. १९९७मध्ये स्पेनमधल्या सेव्हिल इथे त्यांनी करार केला. युद्ध असेल तर प्रमुख कोण, भूकंप-पूर असेल तर कोण, त्या देशातली संस्था समर्थ असेल तर काय, हे लिहून टाकले. मोठेपणाचा निकाल करार लावत नाही; कुठल्या प्रसंगी कोण पुढे, एवढेच सांगतो. उपनगरातल्या शाळा आणि ट्रस्ट यांना हे तत्त्व जसेच्या तसे लागू पडते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९०च्या आपल्या ग्रंथात समाईक कुरणे आणि पाटबंधारे पिढ्यान्‌पिढ्या कसे टिकले ते तपासले, तेव्हा टिकलेल्या व्यवस्थांत त्यांना एक गोष्ट वारंवार दिसली : तंटा सोडवायची जागा जवळ आणि स्वस्त होती. मुलुंडच्या मंडळाला वरळी तशी जवळही नाही आणि वकिलाची फी धरली तर स्वस्तही नाही.

वेगळे होणे हाही तंट्याचा निकाल असतो, आणि मराठी संस्थाजीवनात तो काही कमी प्रतिष्ठेचा नाही. टिळक १८९०मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले, त्यानंतर पत्रे आणि छापखाना यांची वाटणी झाली; ‘केसरी’ आणि ‘मराठा’ कर्जासकट टिळकांकडे, आर्यभूषण छापखाना दुसऱ्या बाजूला. शाळाही चालली, पत्रेही चालली. अगदी अलीकडे पाहायचे तर अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीत १९८९मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती मूळ समितीपासून वेगळी झाली, आणि पुढे जादूटोणाविरोधी कायद्यासाठी दोन्ही समित्या आपापल्या परीने झटल्या. तो कायदा २०१३मध्ये झाला. ‘फूट’ या शब्दाला आपण उगीच घाबरतो. नीट हिशेब करून झालेली फूट ही न झालेल्या मनोमीलनापेक्षा कितीतरी बरी.

हे सगळे आजच का सांगायचे? पहिले कारण पुनर्विकास. पन्नास-साठ वर्षांपूर्वी नाममात्र किमतीला घेतलेल्या भूखंडावर आज विकासकाचा डोळा आहे, आणि ज्या जागेबद्दल दोन संस्थांनी आजवर कधी भाडेपावतीही फाडली नाही, त्या जागेचा चौरस फूट आता मोजला जातो. दुसरे कारण पैशाचे बदललेले नियम. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२०च्या दुरुस्तीनंतर अशी देणगी घेतलेल्या संस्थेला ती दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. मातृसंस्थेने निधी आणायचा आणि भगिनी संस्थेने काम करायचे, ही जुनी जोडी तिथे तुटली. २०२३पासून आयकरातही एका ट्रस्टने दुसऱ्याला दिलेल्या देणगीपैकी पंचाऐंशी टक्केच रक्कम उद्दिष्टासाठी खर्च झाली असे धरतात. कंपन्यांच्या सीएसआर निधीसाठी संस्थेची स्वतःची नोंदणी आणि सहसा तीन वर्षांच्या कामाचा पुरावा लागतो. मग काम नेमके कुणाच्या नावे झाले होते, हा प्रश्न सख्ख्या बहिणींत उभा राहतो. तिसरे कारण वयाचे. उपनगरांतल्या अनेक संस्थांचे संस्थापक आता नव्वदीत आहेत किंवा नाहीत. त्यांच्या डोक्यातली व्यवस्था उतरवून घ्यायची संधी काही ठिकाणी अजून आहे. ती फार दिवस राहणार नाही.

या पुस्तकातले लेखक अंधेरी ते दहिसर आणि घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात काम केलेले वकील, हिशेब तपासनीस आणि माजी पदाधिकारी आहेत. त्यांच्यात एकमत नाही, आणि संपादनात ते घडवून आणायचा प्रयत्नही केलेला नाही. वकिलाला जिथे पुरावा दिसतो तिथे माजी कार्यवाहाला दुखावलेला माणूस दिसतो. दोघांचेही ऐकावे लागते. प्रकरणांतल्या संस्थांची नावे गाळली आहेत. ओळखीचे कुणी सापडल्यासारखे वाटले तर तो बहुधा भास समजावा, कारण ही भांडणे एकमेकांसारखी दिसण्यात फार पटाईत आहेत. माणसांच्या स्वभावावर पुस्तकात कमी आणि व्यवस्थेवर जास्त भर आहे. अहंकार हे कारण सांगून चर्चा संपवणे सोपे असते. पण तेच अहंकारी गृहस्थ तीस वर्षे गुण्यागोविंदाने नांदले होते, तेव्हा आत्ताच काय बिघडले, हा प्रश्न प्रत्येक लेखकाला आवर्जून विचारला आहे. उत्तर बहुतेक वेळा न लिहिलेल्या एखाद्या ठरावापाशी जाऊन थांबते.

परिशिष्टात दोन संस्थांमधल्या कराराचा एक नमुना दिला आहे. समाईक जागा, समाईक नोकर, नाव आणि बोधचिन्ह, दोन्हीकडे असलेल्या विश्वस्ताने कोणत्या ठरावाच्या वेळी बाहेर बसायचे, वाद झाल्यास आधी कुणाकडे जायचे, आणि वेगळे व्हायचे ठरले तर काय कुणाकडे राहील, अशी त्याची कलमे आहेत. रिकाम्या जागा मुद्दाम ठेवल्या आहेत. त्या भरताना दोन्ही कार्यकारिणींनी एका खोलीत बसावे. जागेची मुदत तीन वर्षांपुढे जात असेल तर कलम ३६ लागू होते, तेव्हा सही करण्याआधी आयुक्तांची परवानगी घ्यावी. आणि करार दोन्ही संस्थांच्या सर्वसाधारण सभांपुढे मांडून इतिवृत्तात नोंदवावा. नुसता फायलीत लावून ठेवलेला करार पुढच्या कार्यवाहाला सापडत नाही.